सहभाग, हस्तक्षेप की गुंतणं?

प्रश्न असा आहे : वेगवेगळ्या युद्धांतल्या अमेरिकेच्या भूमिकेवर तुलनात्मक लेख लिहितोय, 'इन्व्हॉल्व्हमेंट'साठी सगळीकडे 'सहभाग' चालेल का?

चालेल, पण फिका पडेल. 'सहभाग नोंदवला' म्हटलं की मला रक्तदान शिबिर आठवतं. शिवाय त्यातला 'सह' लगेच विचारतो, कोणासह? दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांसह, हे ठीक. पहिल्यात मात्र अमेरिकेने 'दोस्त' म्हणवून घ्यायचंच टाळलं. विल्सन सरकारने 'सहयोगी राष्ट्र' अशी वेगळी पाटी लावली होती.

मराठीत अशा ठिकाणी नामापेक्षा क्रियापद कामाला येतं. 'उतरणं' स्वतःच्या मर्जीचं, आखाड्यात उतरावं तसं. एप्रिल १९१७ला, पहिल्या महायुद्धातल्या प्रवेशाला, ते शोभतं. डिसेंबर १९४१च्या पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर 'ओढली गेली' लिहायचा मोह होतो, पण त्याआधीच, मार्च १९४१च्या कायद्याने, ब्रिटनला उसनवारीवर शस्त्रं द्यायची सोय झाली होती. म्हणून मी तिथे 'युद्धात पडली' लिहीन. 'पडणं' मर्जी आणि नाइलाज दोन्ही पोटात घालतं. फक्त 'मध्ये पडली' लिहू नका, त्याचा थेट हस्तक्षेप होतो.

कोरियाची गंमत वेगळीच. १९५०मध्ये एका पत्रकाराने 'पोलीस कारवाई' हा शब्द पुढे केला आणि राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी होकार भरला. मराठवाड्यात 'पोलीस ॲक्शन' म्हणजे सप्टेंबर १९४८चं हैदराबाद, पाच दिवसांत आटोपलेलं. कोरियात तीन वर्षं चाललं आणि ३६ हजारांवर अमेरिकन गेले. शब्द मात्र तोच! आणि एक : १९४२नंतर अमेरिकेने कायदेशीर युद्धघोषणा केलेलीच नाही, तेव्हा कोरिया किंवा व्हिएतनामबाबत 'युद्ध पुकारलं' लिहिलंत तर चूक ठरेल.

व्हिएतनामला 'हस्तक्षेप' सर्रास लिहितात. चूक नाही, पण त्यात एकदाच हात घातल्याचा भास होतो. तिथे आधी सल्लागार गेले, मार्च १९६५मध्ये दक्षिण व्हिएतनाममधल्या दानांगला मरीन सैनिक उतरले, १९६९पर्यंत सैनिकांचा आकडा पाच लाखांपार. मांज्याचा गुंता जितका ओढावा तितका आवळतो, तसं. म्हणून 'गुंतली'. पुढे 'पाय काढता येईना' हेही आपसूक जुळतं. तो निघाला १९७३मध्ये.

२००३च्या इराकला यातलं काहीच नको. तिथे सरळ 'चढाई'.