डबल डोसने डाऊनी मरत नाही : सांगली-साताऱ्यातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. औषध मारले, रोग हटला नाही, दुकानदार म्हणतो डोस वाढवा. त्यामुळे पहिले उत्तर लांबले आहे, बाकीची थोडक्यात उरकली आहेत.

प्रश्न (तासगाव तालुका) : सोनाका द्राक्ष, फळछाटणीला ३२ दिवस झाले. अझॉक्सिस्ट्रॉबिनच्या दोन फवारण्या, मग फॅमॉक्साडोन अधिक सायमॉक्सॅनिलची एक. तरी घडावर डाऊनी (केवडा रोग) दिसतोय. दुकानदार म्हणतो अझॉक्सिस्ट्रॉबिनच पुन्हा दुप्पट मारा. आमच्या व्हॉट्सॲप गटात एकाने टाकले की बुरश्या एकमेकींना जीन देतात, म्हणून औषध लागू पडत नाही. खरे काय?

दुप्पट मारू नका. हे आधी वाचा आणि मगच पुढे जा.

तुम्हाला वाटते तीन फवारण्यांत औषध बदलले. बदलला फक्त डबा. अझॉक्सिस्ट्रॉबिन, पायराक्लोस्ट्रॉबिन, क्रेसॉक्सिम मिथाइल आणि तुमच्या तिसऱ्या फवारणीतले फॅमॉक्साडोन हे सगळे एकाच गटातले आहेत. चौघेही बुरशीच्या श्वसनातल्या एकाच जागी घाव घालतात. डाऊनीच्या सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी ॲलनिन आले की त्या जागी औषध बसतच नाही. जागाच नाही, तर लिटरला अर्धा मिली टाका नाहीतर पाच मिली, फरक शून्य. तिसऱ्या फवारणीत जे काही काम झाले ते सायमॉक्सॅनिलने केले, आणि त्याचा जोर चार-पाच दिवसांवर टिकत नाही.

हे परदेशातले किस्से नाहीत. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत डाऊनीने या गटाला दाद न दिल्याची नोंद झालेली आहे. डायमेथोमॉर्फ, मॅन्डीप्रोपामिड या दुसऱ्या गटाला न जुमानणारी डाऊनी तर थेट सांगली जिल्ह्यातल्या बागांतून सापडली. तिथेही कारण एवढेच, प्रथिनात ११०५व्या जागी एक बदल. म्हणजे दुकानदाराने उद्या "हे घ्या, एकदम नवीन" म्हणून मॅन्डीप्रोपामिडचा डबा दिला, तर तेही एकटे, लागोपाठ मारायचे नाही.

आता जीनचे. बुरश्या दुसऱ्या जातींकडून जनुके घेतात हे खरे आहे, पुरावे पक्के आहेत, पुढच्या उत्तरांत सांगतो. पण तुमच्या प्लॉटवरच्या डाऊनीचे कारण ते नाही. इथे कोणी कोणाला काही दिलेले नाही. लाखो बीजाणूंत एखाद्यात हा बदल आपोआप होतो, तुम्ही त्याच गटाचे औषध तीनदा मारून बाकी सगळे मारता आणि तोच एक शिल्लक ठेवता. डोस दुप्पट केला की ही निवड आणखी कडक होते. वर पाने भाजतात, आणि मालात औषधाचा अंश राहतो तो वेगळाच. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशापायी आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, ते जुन्या बागायतदारांना आठवत असेल.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. डाऊनी ही खरी बुरशी नाहीच. दिसायला, वागायला बुरशीसारखी, पण नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी. गंमत अशी की या कुळाने फार पूर्वी खऱ्या बुरशींची काही जनुके उचलली, त्यांत झाडातून अन्न शोषायला उपयोगी पडणारीही आहेत. पण मूळ घडण वेगळी राहिली. म्हणून हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, कार्बेन्डाझिम डाऊनीवर चालत नाहीत. ही भुरीची, करप्याची औषधे. "डाऊनी-भुरी दोन्हीला एकच" म्हणून नुसता ट्रायअझोल (हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोलचा गट) कोणी हातात ठेवला, तर तो डबा काउंटरवरच सोडून या.

आता करायचे काय? रोगट पाने आणि घड काढून बागेबाहेर न्या, बांधावर टाकू नका. वांझ फुटी काढा, घडापर्यंत हवा आणि फवारा पोहोचला पाहिजे. लागोपाठ दोन फवारण्यांत एकच गट नको. आंतरप्रवाही (झाडात शिरणाऱ्या) औषधाला मॅन्कोझेबसारख्या स्पर्शजन्य (पानावरच राहणाऱ्या) औषधाची जोड हवीच, तीही लेबलवरच्या मात्रेत आणि काढणीपूर्व अंतर मोजून. अझॉक्सिस्ट्रॉबिन-फॅमॉक्साडोनचा गट या हंगामात तुमच्यापुरता संपला. फवारणी पावसाआधी किंवा पाने वाळताच करा. रात्रभर पान ओले राहिले की बीजाणू आत शिरतात, मग दोन दिवसांनी ब्लोअर फिरवून काय उपयोग? आणि पुढच्या छाटणीनंतर काडीवर, खोडावर एक टक्का बोर्डो न चुकता. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. विळ्याचे पाते बुडवून बघा, तांबूस झाले तर चुना कमी आहे. फ्रान्समध्ये १८८५च्या सुमारास हे मिश्रण डाऊनीसाठीच पुढे आले आणि आजही ते निकामी झालेले नाही, कारण तांबे एकाच जागी नाही, अनेक जागी घाव घालते. फुलोऱ्यात मात्र बोर्डो नको.

प्रश्न (फलटण तालुका) : गेल्या रब्बीत हरभऱ्याला मर होती. त्याच रानात यंदा टोमॅटो वाळतोय. हरभऱ्याची मर टोमॅटोला आली का? कृषी सेवा केंद्रातून दर आठवड्याला कार्बेन्डाझिमची आळवणी (मुळाशी ओतणे) सांगितली आहे.

आधी ही मरच आहे का ते बघा. वाळणाऱ्या झाडाचे खोड बुडाशी कापा आणि स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. पांढरट दुधासारखी धार सुटली तर तो जिवाणूचा मर रोग, त्यावर कार्बेन्डाझिम म्हणजे पाण्यात पैसे. धार नाही, पण खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसतात, तर फ्युजेरियम या बुरशीची मर.

हरभऱ्याची फ्युजेरियम टोमॅटोला लागत नाही. नाव एकच असले तरी प्रत्येक पिकाची शाखा वेगळी असते. पण इथेच ती जीनची गोष्ट येते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की टोमॅटोवरच्या फ्युजेरियममध्ये काही गुणसूत्रे अख्खीच्या अख्खी जादा असतात, आणि टोमॅटो मारायची ताकद त्यांतल्या एकात साठलेली असते. प्रयोगशाळेत रोग न करणारी फ्युजेरियम तिच्या शेजारी वाढवली, तेव्हा ते गुणसूत्र तिच्यात गेले आणि निरुपद्रवी बुरशी टोमॅटो मारू लागली. शेजाऱ्याच्या विहिरीवरचे चालू इंजिन उचलून आपल्या विहिरीवर बसवावे, तसे. एकेक नट जमवत बसायला नको.

शेतात हे रोज घडते असे कोणी समजू नये. पण मेलेली टोमॅटोची झाडे उपटून शेणखताच्या उकिरड्यावर टाकायची, आणि तेच खत पुढच्या वर्षी सगळ्या रानात पांगवायचे, हा प्रकार खटाव-फलटणकडे मी प्रत्येक हंगामात बघतो. वेगवेगळ्या फ्युजेरियम एकत्र वाढायला याहून चांगली सोय नाही. झाडे मुळासकट काढा आणि लांब नेऊन जाळा.

दर आठवड्याच्या आळवणीला स्पष्ट नकार. कार्बेन्डाझिमलाही एकाच प्रथिनातल्या एका बदलाने बुरशी दाद देईनाशी होते. त्यात तुम्ही जमिनीतली ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मारून टाकता, जी फुकटात तुमचे काम करत होती. मर एकदा खोडात शिरली की कोणतेही औषध ती बाहेर काढत नाही. हे दुकानदारालाही माहीत असते. पुढची तीन वर्षे त्या रानात टोमॅटो, वांगी, मिरची नको. ज्वारी किंवा मका घ्या. हरभरा दुसऱ्या रानात घ्यायचा असेल तर विजय किंवा दिग्विजय, बियाण्याला किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून.

प्रश्न (कोरेगाव तालुका) : आल्याला कंदकुज सुरू झाली. हेक्झाकोनॅझोल सोडले, फरक नाही. ट्रायकोडर्मा सोडणार होतो, पण ती इतर बुरश्यांचे जीन घेते असे वाचले. उद्या ती आल्यावरच उलटली तर?

पावसाळ्यात मऊ कुजणारी कंदकुज बहुतांश पिथियममुळे येते आणि पिथियम डाऊनीच्याच कुळातली. हेक्झाकोनॅझोल तिला लागत नाही, कार्बेन्डाझिमही नाही. दुकानातून दिले म्हणजे लागू पडेल असे नाही, हे किती वेळा लिहायचे? पाणी साचलेल्या ठिकाणी आधी चर काढा. मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब एकदा, लेबलप्रमाणे, कुजलेल्या जागी आणि भोवतीने. दर पंधरा दिवसांनी नको, मेटॅलॅक्झिलला दाद न देणारे वाण या कुळाने जगभर १९८०च्या दशकापासून दाखवले आहेत.

ट्रायकोडर्माबद्दल वाचलेत ते बरोबर, भीती चुकीची. ट्रायकोडर्मा मुळात दुसऱ्या बुरश्या खाणारी बुरशी. २०१८च्या अभ्यासात दिसले की झाडांच्या पेशीभित्ती विरघळवणाऱ्या तिच्या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) जवळपास निम्म्यांची जनुके तिने इतर बुरश्यांकडून, म्हणजे ज्यांना ती खाते त्यांच्याकडून मिळवली आहेत. त्यामुळे ती मेलेल्या पाल्यापाचोळ्यावर, कुजणाऱ्या मुळांवर सहज जगते आणि रोगाच्या बुरशीची जागा बळकावते. हे सगळे घडायला लाखो वर्षे गेली. या हंगामात ती तुमच्या आल्यावर उलटणार नाही.

माझा आग्रह दर वेळी हाच असतो आणि तो सोडणार नाही. एकरी दोन ते अडीच किलो ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळा. सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवा, हिरवट बुरशी धरली की लागवडीआधी गादीवाफ्यात द्या. उभ्या पिकात रोग दिसल्यावर दिली तर अर्धेच काम होते. पुडीवरची तारीख बघा. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर तापलेली पुडी म्हणजे निव्वळ भुकटी. रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी आणि ट्रायकोडर्मा यांत किमान पंधरा दिवस अंतर ठेवा. "दोन्ही एकत्र सोडा, जोर येतो" असे सांगणाऱ्याचे दुकान बदला.

प्रश्न (खटाव तालुका) : गव्हावर तांबेरा दिसला की लगेच प्रोपिकोनॅझोल मारतो. शेजारी म्हणतो आधीपासूनच दर पंधरवड्याला मारत राहा.

शेजाऱ्याचे ऐकू नका. तांबेरा दिसल्यावर, लेबलच्या मात्रेत, एकदा. लागलाच तर दुसरी फवारणी, बस. तांबेऱ्याच्या अभ्यासासाठी महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. हा रोग वर्षभर डोंगरभागात कुठेतरी जिवंत राहून वाऱ्याने उतरतो, आणि त्याच्या जाती सतत बदलतात. युगांडात १९९८ साली दिसलेली काळ्या तांबेऱ्याची युजी ९९ ही जात कशी तयार झाली ते २०१९ साली उलगडले. तांबेऱ्याच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रके असतात. दोन जातींचे धागे जुळले, एकीचे अख्खे केंद्रक दुसरीत गेले, आणि नर-मादी संकराशिवाय नवी जात उभी राहिली.

गव्हाच्या पानावर ठिपके पाडणाऱ्या बुरश्यांतही तसेच. टॉक्सए हे विषाचे जनुक एका जातीतून दुसरीत गेले आणि १९४०च्या दशकापासून पिवळ्या ठिपक्यांचा नवा रोग गव्हावर दिसू लागला. तेच जनुक आपल्या देशातल्या करप्याच्या बुरशीतही सापडले आहे. विष चालते ते ठरावीक जनुक असलेल्या वाणांवरच. त्यामुळे वाण बदलणे हे फवारणीपेक्षा स्वस्त. तांबेऱ्यासाठी फुले समाधान, त्र्यंबक घ्या, आणि घरचे तेच बियाणे वर्षानुवर्षे पेरू नका.

प्रोपिकोनॅझोलसारखे ट्रायअझोल विनाकारण मारण्याचा आणखी एक तोटा. हवेतली, कुजणाऱ्या पाल्यातली ॲस्परजिलस ही बुरशी माणसाच्या फुप्फुसात जाते, आणि दवाखान्यात तिच्यावर द्यायचे औषध याच कुळातले. त्याला दाद न देणारी ॲस्परजिलस भारतातल्या शेतमातीतही सापडली आहे.

प्रश्न (अनेकांकडून) : डाऊनीने बाग गेली तर विमा मिळतो का? फवारणी यंत्राला अनुदान आहे का?

फळपीक विमा हवामानावर आहे. तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद ठरलेल्या निकषात बसली तरच पैसे, रोग आला म्हणून नाही. यंत्राचे अनुदान महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून, निवड झाल्यावर. शेतकरी ओळख क्रमांक आधी काढा. निवडीआधी खरेदी केलेल्या यंत्राचे बिल चालत नाही.

औषधाचे पक्के बिल मात्र सगळ्यांनी घ्या, बॅच नंबरसह. बिल नसेल तर तक्रार कशावर घ्यायची? लेबलवर पिकाचे आणि रोगाचे नाव नसलेले, "बायो" म्हणून विकलेले डबे बागेत नेऊ नका. प्रश्न पाठवताना पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, छाटणीची किंवा लागवडीची तारीख आणि फवारणीच्या वहीचे पान जोडा. वहीत डब्यावरचे नाव नको, आतल्या घटकाचे नाव लिहा. नाहीतर चार ब्रँड वाचून मलाही वाटेल तुम्ही चार औषधे मारली.