बव्हेरियातलं जुनं घर आणि पेलेट स्टोव्ह: परभणीच्या भावाला उत्तर

भाऊ, म्युनिकजवळ नोकरी लागली, अभिनंदन! तुम्ही विचारलंय की भाड्याच्या जुन्या घरात पेलेट स्टोव्ह आहे. तो पर्यावरणाला बरा म्हणतात ते खरं का, खर्च किती येतो आणि दोन वर्षांचं लेकरू असलेल्या घरात चालेल का. मी मूळची अंबाजोगाईची. आमच्याकडे असाच स्टोव्ह आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेलेट म्हणजे लाकूडगिरणीतला भुसा दाबून केलेल्या ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दाबाने तापून लाकडातलंच लिग्निन, म्हणजे त्याचा नैसर्गिक डिंकच म्हणा, त्यांना धरून ठेवतं. आपल्या बंबाला सारखं ढलप्या घालत बसावं लागतं, तसं इथं नाही. टाकीत पोतं ओतायचं. आतला स्क्रू मोजून कांड्या सोडतो, पंखा हवा देतो, पेटवायचं काम विजेवर होतं. म्हणजे वीज गेली की स्टोव्ह गार. आपल्याकडच्या भारनियमनात असलं यंत्र काय कामाचं, पण इकडे वीज क्वचितच जाते.

किलोभर पेलेटातून ४.८ युनिटच्या आसपास उष्णता मिळते. दोन किलो म्हणजे साधारण लिटरभर हीटिंग ऑइल. पोतं १५ किलोचं. घराला इन्सुलेशन नसेल तर जानेवारीत दिवसाला एक पोतं सहज जातं, आणि ते तुम्हालाच उचलायचंय. भाव मात्र बेभरवशाचा. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर जर्मनीत टनाला ७०० युरोच्या वर गेला होता, मग निम्म्याच्या आसपास उतरला. थंडी पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा उन्हाळ्यातच पोती भरून ठेवलेली बरी.

घेताना पोत्यावर ‘ईएनप्लस ए१’ हा पेलेटच्या दर्जाचा शिक्का बघा. त्यात ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणि राख ०.७ टक्क्यांपर्यंतच चालते. पोत्याच्या तळाशी भुगा साचलेला दिसला तर तो माल नको. चांगली कांडी पाण्याच्या ग्लासात बुडते. ओल लागली की मात्र फुगून परत भुसा होते, म्हणून कोरडी जागा हवीच.

पर्यावरणाचं म्हणाल तर गिरणीचा भुसा जवळच्याच जंगलातला असेल तर तेल-गॅसपेक्षा हे जळण नक्कीच बरं. आपण तुराट्या-पऱ्हाट्या बांधावर पेटवून देतो त्या मानाने तर फारच स्वच्छ. पण धूर अजिबात नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका; ओंडक्यांच्या चुलीपेक्षा कमी असला तरी बारीक धुरळा निघतोच. आणि भिंतीतून ऊब पळत असेल तर कितीही हिरवं जळण घाला, ते वायाच जाणार. म्हणून घर बघायला जाल तेव्हा मालकाकडे ‘एनर्जीआउसवाइस’ मागा. घर किती ऊर्जा खातं ते त्यावर असतं आणि ते दाखवणं मालकाला बंधनकारक आहे.

आता लेकराचं. स्टोव्हची काच चांगलीच तापते, समोर जाळी लावाच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, धुरातला विषारी वायू. स्टोव्ह खोलीतलीच हवा घेत असेल आणि फोडणी देताना तुम्ही बाहेर हवा फेकणारी चिमणी जोरात लावली, तर दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात धुराड्यातला धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. आपल्या स्वयंपाकात चिमणी लागतेच, त्यामुळे हे मालकाला आधीच विचारा. स्टोव्हला बाहेरून हवेची नळी असेल तर उत्तम. चिमणीसाठी खिडकी उघडल्याशिवाय सुरू न होणारा स्विच मिळतो, तोही चालतो. मोनॉक्साइडचा अलार्म काही झालं तरी घ्या. सुट्या पेलेटांच्या बंद कोठारातही हाच वायू साचतो. तसं कोठार असेल तर हवा खेळू दिल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

रोजचं काम म्हटलं तर स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर जळणाच्या वाटीतली राख काढायची आणि तिची भोकं मोकळी करायची. ती बुजली की ज्योत पिवळी, आळशी होते आणि काच काळी पडते. धुराडं तपासायला ‘शोर्नश्टाइनफेगर’ येतो. त्याला टाळता येत नाही, कायदाच आहे.

माझं मत विचाराल तर घरात दुसरं हीटिंग असेल आणि स्टोव्ह जोडीला असेल, तर घर घ्या. सगळी भिस्त त्या एका स्टोव्हवर असेल तर नका घेऊ. दिवाणखाना उबदार राहील, पण लेकराच्या झोपायच्या खोलीपर्यंत ऊब पोचेल का, हे मालकाला सही करायच्या आधी विचारा. भाडं ‘काल्टमीटे’ असेल तर त्यात हीटिंगचा खर्च धरलेला नसतो, तेवढं ध्यानात ठेवा.