रंगावरच्या गोल रेघा आणि पॉलिशिंग मशीन: वाचकांचे प्रश्न

गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने कसे काढावेत, याविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

माझी काळी सेडान चार वर्षांची आहे. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, ‘रबिंग मारतो, तासाभरात गाडी नवी.’ करून घ्यावे का? (छत्रपती संभाजीनगर)

तासाभरात होत असेल तर करून घेऊ नका.

या रेघा मुळात गोल नसतात. फडके फिरेल तशा सरळ, आडव्या, तिरक्या अशा हजारो रेघा रंगावर पडलेल्या असतात. सूर्याचा किंवा दिव्याचा प्रकाश ज्या रेघांवर आडवा पडतो तेवढ्याच चमकतात, म्हणून प्रकाशाच्या ठिपक्याभोवती वर्तुळ दिसते. तुम्ही सरकलात की वर्तुळही सरकते. पांढऱ्या गाडीवरही त्या तितक्याच असतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत.

रेघा असतात त्या रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर क्लिअर कोट असे सगळे मिळून कारखान्यातल्या गाडीवर साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. पॉलिश करणे म्हणजे रेघ भरणे नव्हे. रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणणे. तो पुन्हा वाढत नाही. उन्हापासून खालच्या रंगाला तोच वाचवतो, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हात पातळ झालेला क्लिअर कोट आधी टपावर आणि बॉनेटवर पांढरा पडून सोलू लागतो.

घाईच्या रबिंगमध्ये बहुधा रोटरी मशीनवर (यात पॅड एकाच जागी गरगर फिरते) लोकरीचे पॅड आणि जाड कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणारे मलम, असते. रेघा जातात, पण त्यांच्या जागी उन्हात हलणारे धुरकट पट्टे येतात. कंपाउंडमधल्या तेलाने ते काही दिवस झाकलेले राहतात आणि दोन-चार धुण्यांनंतर वर येतात. शिवाय धूळ नीट न धुता मशीन लावले असेल तर नव्या, जास्त खोल रेघा मिळतात त्या वेगळ्याच.

हे काम घरीच करायचे आहे. मशीन कोणते घ्यावे, पॅड किती, कंपाउंड किती आणि क्रम काय? (लातूर)

पहिल्यांदा करणाऱ्याने रोटरी घेऊ नये. ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए पॉलिशर घ्या. यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता लहान घेरात हेलकावेही घेते, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. १५ मिलिमीटर घेराचे, पॅड चिकटवायच्या ५ इंची प्लेटचे, ७०० वॅटच्या पुढचे मशीन पुरते. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर तुम्ही जास्त दाबताय किंवा मशीन तिरके धरलेय. पॅड नुसते थरथरत असेल तर कापत काहीच नाही.

फोमची मध्यम कडक पॅड चार आणि मऊ पॅड दोन घ्या. एकाच पॅडवर अख्खी गाडी काढायचा मोह टाळा, बिघाड सगळ्यात जास्त तिथेच होतो. सोबत एक मध्यम पॉलिश, एक कंपाउंड, ३५० ते ५०० जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची) दहा-बारा मायक्रोफायबर फडकी, मास्किंग टेप आणि क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, लागेल.

आधी गाडी शाम्पूने धुवा. मग ओल्या रंगावरून हाताचा तळवा फिरवा. खरखर लागली तर शाम्पूचे पाणी मारत क्ले बार अलगद फिरवा. क्ले खाली पडला की तो तुकडा फेकून द्या, धुऊन वापरू नका. गाडी कोरडी झाल्यावर पत्र्याच्या धारदार कडा, काळे प्लास्टिक, रबर आणि बॅज यांवर टेप लावा. कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे: अख्खी गाडी सुरू करू नका. बॉनेटवर दीड फूट बाय दीड फूट चौकोन आखून तिथे आधी मऊ पॅड आणि मध्यम पॉलिश वापरून बघा. पुरले नाही तर तेच पॉलिश मध्यम पॅडवर. तरीही रेघा उरल्या तरच कंपाउंड. जे सर्वांत सौम्य जोडीने जाते ते सर्वांत सौम्य जोडीनेच काढायचे. कंपाउंड वापरावे लागले तर शेवटी मऊ पॅडवर पॉलिशचा एक हात द्यावाच लागतो.

नव्या पॅडला सुरुवातीला पॉलिशचा पातळ थर सगळीकडे चोळून घ्या. त्यानंतर प्रत्येक चौकोनाला हरभऱ्याच्या दाण्याएवढे तीन ते चार थेंब पुरतात. मशीन पत्र्यावर टेकवूनच सुरू करा, नाहीतर पॉलिश भिंतीपर्यंत उडते. १ नंबरच्या वेगावर पसरवा, मग ४ किंवा ५ वर न्या. हात सावकाश चालवा, सेकंदाला इंचभर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. चौकोन एकदा आडवा, एकदा उभा, असा चार ते सहा वेळा झाका. शेवटच्या फेरीला फक्त मशीनचे वजन ठेवा. पुसा आणि पॅड ब्रशने झाडा, दर चौकोनाला. दोन-तीन भाग झाले की पॅड बदला.

तपासण्याआधी तेल काढायलाच हवे, नाहीतर डोळे फसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल १ भाग आणि बॅटरीचे पाणी (डिस्टिल्ड वॉटर, अ‍ॅसिड नव्हे) ५ भाग असे मिश्रण फवारून पुसा, मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात रेघा दिसत नाहीत. लहान हॅचबॅकला एका टप्प्याचे काम सहा-सात तास खाते. दोन दिवसांत वाटून केले तरी चालते, पण अर्धवट पॅनेल सोडून उठू नका. सगळे झाले की रंगाच्या संरक्षणासाठी वॅक्स किंवा सीलंटचा थर द्या.

नखाने अडणारी रेघ मात्र सोडून द्या. ती क्लिअर कोटच्या पार गेलेली असते किंवा जवळपास पोचलेली असते. तिची धार पॉलिशने बोथट होते, दुरून कमी दिसते, एवढ्यावर समाधान मानावे.

मे महिन्यात अंगणात काम केले. कंपाउंडची लगेच भुकटी होत होती, पॅड अडखळत होते आणि काळ्या रंगावर पांढरट धुके राहिले. मशीन खराब आहे का? (परभणी)

मशीन ठीक असावे. मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या बॉनेटला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर पॉलिशमधला ओलावा काही सेकंदांत उडतो. उरलेली कोरडी भुकटी पॅडखाली रंगाला ओरखडते. तेच तुमचे धुके. गाडी आदल्या रात्रीपासून सावलीत ठेवा, पहाटे सुरुवात करा आणि पत्रा तापू लागला की थांबा. चौकोन एक फुटाचा करा, वेग एका नंबराने कमी करा, पॅडवर पाण्याचा एक हलका फवारा मारा. काम चालू असताना पत्रा कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर थांबा.

अंगणाची दुसरी अडचण वाऱ्याची. शेतातली काळी माती भुरभुरत येते आणि ओल्या पॉलिशवर बसते. अशा वेळी मशीन चालवणे म्हणजे स्वतःच रेघा पाडणे. शेड नसेल तर जमीन पाणी मारून भिजवून घ्या आणि वारा पडलेला असतानाच काम करा. थेंब वाढवले की सोपे जाईल असे वाटते, पण जादा कंपाउंडने फोमची छिद्रे बुजतात आणि पॅड चिकटून उड्या मारते.

राहिलेले धुके मऊ, स्वच्छ पॅड आणि पॉलिशने निघेल. कंपाउंड परत लावू नका.

बोनेटच्या कडेला पॉलिश करताना पॅडला गाडीचाच लाल रंग लागला. आता तिथे फिकट ठिपका दिसतो. (बीड)

गाडी बरीच जुनी असेल आणि तिच्यावर क्लिअर कोटच नसेल, तर पॅडला रंग लागणे साहजिक आहे. अशा गाडीवर सगळीकडेच रंग निघतो. पण एकाच जागी रंग आला आणि फिकट ठिपका दिसू लागला, तर तिथला क्लिअर कोट संपला आहे. त्यावर पॉलिश, वॅक्स, कशाचाही उपाय नाही. तो भाग डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून रंगवून घ्यावा लागेल.

पुढच्या वेळी, विशेषतः सेकंडहँड गाडीवर, आधी जाडी मोजण्याचे मीटर फिरवून बघा. ८० मायक्रॉनच्या खाली आकडा आला तर तो भाग सोडा. २५० च्या वर आला तर तिथे पुन्हा रंगकाम झालेले आहे किंवा लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही. प्लास्टिकच्या बंपरवर नेहमीचे मीटर चालत नाही. प्लास्टिक उष्णताही धरून ठेवते, म्हणून तिथे वेग कमी ठेवा.

सिरॅमिक कोटिंग केल्यावर या रेघा जातात का? (जालना)

नाही. कोटिंग पारदर्शक असते, रेघा त्याखाली जशाच्या तशा राहतात आणि मग काढायच्या तर आधी कोटिंग घासावे लागते. पॉलिश आधी, कोटिंग नंतर.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग पॉलिशने काढू का? (नांदेड)

आधी रसायनाने बघा, क्लिअर कोट वाचेल. हे डाग पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात. पांढरे व्हिनेगर आणि बॅटरीचे पाणी समप्रमाणात घ्या, फडक्याने डागावर मिनिटभर ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. सावलीत आणि थंड पत्र्यावरच करा. तरीही खळगा राहिला तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्ला आहे, तिथे मग मध्यम पॅड.

आरओचे वाया जाणारे पाणी बरेच जण गाडीला वापरतात. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. पहिल्या धुण्याला चालेल, शेवटच्या हाताला नको. एसीचे ठिबकणारे पाणी मात्र साठवा. त्यात क्षार नगण्य असतात.

आमच्याकडे टँकर येतो. रोज पाइप लावून गाडी धुणे शक्य नाही, कोरडे फडके मारण्याशिवाय इलाज काय? (धाराशिव)

न धुता आठवडाभर धुळीत उभी ठेवणे परवडते, कोरडे फडके परवडत नाही. धुळीतले कण क्लिअर कोटपेक्षा कडक असतात आणि पेट्रोल पंपावर मिळणारे पिवळे फडके तेच कण रंगावर ओढत नेते.

रिन्सलेस वॉशचे, म्हणजे नंतर पाण्याने धुवावे न लागणारे, औषध मिळते. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते ८ ते १० लिटर पाण्यात घाला. अख्खी गाडी तेवढ्यात होते. फवारणीच्या पंपात थोडे भरून आधी पॅनेल चिंब करा आणि दोन मिनिटे थांबा. सहा-सात मायक्रोफायबर बादलीत भिजवून ठेवा. प्रत्येकाची दोनदा घडी घातली की आठ बाजू मिळतात. एक बाजू, एक सरळ हात, मग घडी उलटा. मळलेले फडके बादलीत परत बुडवू नका. टपापासून खाली या, दारांचा खालचा पट्टा शेवटी. लगेच कोरड्या मायक्रोफायबरने टिपा, चोळू नका.

पावसाळ्यात शेतातली काळी माती वाळून पोपडे धरले असतील तर ही पद्धत वापरू नका. तिथे दाबाचे पाणीच लागते, तेव्हा महिन्यातून एकदा वॉशिंग सेंटरला जाऊन फक्त पाण्याचा मारा घ्या आणि पुसण्याचे फडके स्वतःचे द्या. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार बांधलात तर पूजा झाल्यावर काढून मगच गाडी हलवा. वाऱ्याने हलणारा हार धुळीवर घासत राहतो.