जांघेतली खाज आणि दुकानातली ट्यूब

पावसाळ्यात ‘खालच्या जागे’च्या कातडीविषयी बरीच पत्रं येतात. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : लावणीच्या दिवसांत दोन्ही जांघांत खाज सुटली, गोल चट्टे उठले. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, चार दिवसांत आराम पडला. बंद केली की पुन्हा तेच. आता नाडीच्या पट्ट्यातही आलंय आणि सासूबाईंनाही झालंय. वय ३४. (चिपळूण तालुका)

उत्तर : वर्णनावरून हे गजकर्ण वाटतं. ही बुरशी आहे. ‘उष्णता’ किंवा ‘रक्त बिघडणं’ याच्याशी तिचा संबंध नाही. दिवसभर चिखलात वावरून ओला परकर अंगावरच सुकला की जांघ, कंबर, स्तनांखालची घडी इथे ती फोफावते. चट्ट्याची कड उठावदार आणि खवलेदार, मधला भाग त्यामानाने साफ, ही तिची खूण. चुकीची ट्यूब लावली की ही खूणच पुसली जाते आणि मग तपासणारेही गोंधळतात.

ट्यूबच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. त्याने खाज थांबते, लाली उतरते, पण तिथली प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी पसरत राहते; सोबत बुरशीचं औषध मिसळलेलं असलं तरीही. जांघेच्या घडीत औषध जास्त मुरतं. तिथली कातडी विरते, गरोदरपणी पोटावर पडतात तसे वळ पडतात आणि ते पुरते जात नाहीत. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीवरच्या औषधांत टाकली. तरीही ती साबणाच्या वडीसारखी मागून मिळतात, हा संताप आणणारा प्रकार आहे.

ट्यूब थांबवा, पण फेकू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला न्या. थांबवल्यावर सुरुवातीला खाज वाढू शकते, तेव्हा घाबरून पुन्हा तीच लावू नका. कडेची साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी सापडते. नवं मलम चट्ट्याच्या बाहेरही बोटभर लावायचं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली रेघ बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चट्टे दिसेनासे झाले तरी साधारण दोन आठवडे चालू ठेवा. उपचार फसतो तो बहुधा इथेच. तुमचं पसरलंय, म्हणजे गोळ्याही लागतील. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे आहे, म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका. दिवस गेले असतील तर ते आधी सांगा.

सासूबाईंचे उपचार तुमच्याबरोबरच सुरू करा. टॉवेल वेगळे ठेवा. पावसात चुलीवरच्या दोरीवर वाळत घातलेला परकर नेफ्यात दमटच राहतो. तो उलटा करून नेफ्यावर आणि शिवणींवर कडक इस्त्री फिरवा.

प्रश्न : काजू फोडायला जाते. हाताची सालं निघतात ते ठीक, पण लघवीच्या जागी बाहेरून आग होते, कातडी काळपट पडून सोलते. (वेंगुर्ला तालुका)

उत्तर : बीच्या टरफलातला चीक बोटांवरून तिथे पोचत असावा. बिब्ब्यासारखाच हाही कातडी भाजतो. आपण शौचालयातून आल्यावर हात धुतो. तुम्ही जाण्याआधीही धुवा. आधी खोबरेल चोळून कपड्याने पुसा, मग साबण लावा, नखांखालीही. कामाचा पदर तिथे पुसायला वापरू नका. फोड आले, पाणी सुटलं तर दवाखाना गाठा.

प्रश्न : अंगावरून पांढरं जातं, खाज येते. रोज पाण्यात अँटिसेप्टिक घालून आतून धुते, तरी कमी नाही. वय ४५. (रत्नागिरी)

उत्तर : आतून धुणं आजच बंद करा. पाळी येण्याच्या वयात योनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ३.८ ते ४.५ असतो. ही आम्लता तिथले उपयोगी जिवाणू राखतात आणि धुण्याने तेच मरतात. बाहेरून नुसतं पाणी पुरे. तुरटी नको, सुगंधी साबण नको.

दह्याच्या कवडीसारखं, वास नसलेलं पांढरं आणि खाज असेल तर कॅन्डिडा बुरशीचा संशय येतो. पातळ, करडं आणि मासळीसारखा वास असेल तर जिवाणूंचा तोल गेलेला असतो. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा परजीवी असू शकतो, त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तिन्हींची औषधं वेगळी, म्हणून तपासल्याशिवाय काही घेऊ नका. कॅन्डिडा वर्षात तीनदा झाला तर रक्तातली साखर तपासा. मधुमेह कधीकधी असाच उघडकीला येतो.

प्रश्न : पाळी जाऊन दहा वर्षं झाली. खालची कातडी पांढरी, कागदासारखी झालीय, रात्री खाज झोपू देत नाही. हे कोड का? मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) लावते. (देवगड तालुका)

उत्तर : कोडात सहसा फक्त रंग जातो, कातडीचा पोत तोच राहतो. पातळ, सुरकुतलेली, खाजवल्यावर सहज चिरणारी पांढरी कातडी, कधी गुदद्वारापर्यंत आठच्या आकड्यासारखी पसरलेली, हे लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगाचं लक्षण असू शकतं. तो संसर्ग नाही, कोणाला लागत नाही. मुठेलाने कोरडेपणा कमी होईल, रोग नाही.

गंमत पाहा, पहिल्या पत्राच्या उत्तरात ज्या क्लोबेटासॉलला घातक म्हटलं तेच इथे मुख्य औषध आहे. ते नुसतं, बुरशीच्या औषधाची भेसळ नसलेलं हवं. सहसा ०.०५ टक्क्यांचं मलम चार आठवडे रोज रात्री, मग चार आठवडे एक दिवस आड, मग आठवड्यातून दोनदा असं उतरवत नेतात. निदान मात्र डॉक्टरांनी पाहूनच व्हायला हवं. उपचार टाळले तर योनीचे ओठ आवळून चिकटतात, आणि थोड्या बायकांत पुढे कर्करोग होतो. म्हणून खाज गेली तरी वर्षातून एकदा तरी दाखवा. न भरणारी जखम, जाड गाठ किंवा रक्त दिसलं तर वर्षाची वाट पाहू नका.

प्रश्न : ब्लेडने केस काढले, पुळ्या आल्या. एका बाजूला आत गाठही लागते. दाखवायची लाज वाटते. वय २२. (मालवण)

उत्तर : पुळ्यांसाठी ब्लेड थांबवा, कात्रीने केस बारीक करा, कोमट पाण्याचं फडकं दहा मिनिटं दिवसातून तीन-चारदा ठेवा. पिळू नका. योनीच्या तोंडाशी खालच्या बाजूची गाठ बहुधा बार्थोलिन ग्रंथीची असते. दुखत नसेल तर घाई नाही, पण एकदा दाखवा. वाढत असेल, चालता-बसता येत नसेल तर पू निघून जाईल अशी सोय डॉक्टरांना करावी लागते. चाळिशीनंतर नव्याने आलेल्या गाठीचा तुकडा तपासतात.

ताप, झपाट्याने पसरणारी सूज, काळी पडणारी कातडी, किंवा दुखऱ्या फोडांमुळे लघवी अडणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर रात्रसुद्धा काढू नका. बाईडॉक्टर नसल्या तर तपासणीच्या वेळी सिस्टरना थांबायला सांगा; तो तुमचा हक्क आहे.