राजेसुलतानांशी असलेल्या नात्यामुळे लक्षात राहिलेले इराणी : अमीर कबीर आणि महमूद गावान

राज्यकर्त्यांशी असलेल्या निकटच्या संबंधांमुळे इतिहासात ओळखल्या जाणाऱ्या इराणी व्यक्ती कोणत्या, आणि त्यांचे मोठेपण स्वतःचे होते की धन्याच्या मर्जीचे, असा आपला प्रश्न आहे. नावे पुष्कळ देता येतील, परंतु या प्रश्नाचे खरे उत्तर मला दोन माणसांच्या चरित्रांत सापडते, आणि त्यांपैकी पहिल्याविषयी मी थोडे सविस्तर लिहितो.

मीर्झा तकी खान, म्हणजेच पुढे इराणचा वजीर झालेला अमीर कबीर, हा आचाऱ्याचा मुलगा. आजच्या अराक शहराजवळच्या हजावे गावी 1807 च्या सुमारास तो जन्मला. त्याचे वडील काइम मकाम या मातबर घराण्याच्या मुदपाकखान्यात कामाला होते. घरातल्या मुलांना शिकवणी चालू असताना हा पोरगा दाराबाहेर उभा राहून धडे ऐकत असे आणि त्यामुळेच धन्याच्या नजरेत भरला, अशी आख्यायिका इराणात आजही सांगितली जाते. पुढे तो कारकुनीतून लष्करी कारभारात शिरला. 1829 मध्ये रशियाला गेलेल्या शाही शिष्टमंडळात त्याचा समावेश होता, आणि 1847 चा एर्झुरुमचा तह घडवून आणणाऱ्या तुर्कांबरोबरच्या प्रदीर्घ वाटाघाटींत इराणची बाजू त्याने सांभाळली. दरम्यान 1835 मध्ये त्याचा आश्रयदाता अबुल कासिम काइम मकाम याला मोहम्मद शाहने ठार करवले होते. ज्या वजिराने आपल्याला तख्तावर बसवले, त्याचाच शाहने वर्षभरात काटा काढला. हे सारे पाहूनही तकी खानाने तीच वाट धरली, याचे मला नेहमी विशेष वाटते.

1848 मध्ये मोहम्मद शाह वारला तेव्हा युवराज नासिरुद्दीन तब्रीझमध्ये होता. वय अवघे सतरा, हाती पैसा नाही आणि राजधानी दूर. तकी खानाने रक्कम उभी केली, फौज जमवली आणि त्याला सुखरूप तेहरानला नेऊन गादीवर बसवले. नव्या शाहने कारभाराची सगळी सूत्रे त्याच्या हाती सोपवली आणि पुढच्याच वर्षी आपली सख्खी बहीण इज्जतुद्दौला हिचा विवाह त्याच्याशी लावून दिला. आचाऱ्याचा मुलगा शाहचा मेहुणा झाला.

त्याच्या हाती जेमतेम तीन वर्षे आली. तेवढ्यात त्याने सरदार, शाहजादे आणि मुल्लामौलवी यांच्या तनख्यांना कात्री लावली, वसुलीला शिस्त आणली, देवीची लस टोचण्याची मोहीम सुरू केली, 1851 मध्ये सरकारी वृत्तपत्र काढले आणि दार-उल-फुनून या आधुनिक शिक्षणसंस्थेची उभारणी करून तिच्यासाठी ऑस्ट्रियाहून शिक्षक बोलावले. त्याचा हात कठोरही होता. 1850 मध्ये तब्रीझ येथे बाबी पंथाचे संस्थापक बाब यांना देहान्त शासन झाले ते त्याच्याच हुकमाने, आणि त्याच्या गौरवपर चरित्रांत हा भाग घाईने उरकला जातो, हे मला पटत नाही.

ज्यांचे तनखे तोडले ते सगळे शाहची आई मह्द-ए-उलिया हिच्याभोवती गोळा झाले. लष्कर वजिराच्या मुठीत आहे, उद्या तो तख्तही बळकावील, हे तरुण शाहच्या कानी सतत घातले जाऊ लागले. नोव्हेंबर 1851 मध्ये त्याला वजिरीवरून दूर करण्यात आले. त्यानंतर रशियन राजदूताने त्याच्या संरक्षणासाठी स्वतःचे कोसॅक शिपाई पाठवले, आणि या आगंतुक मदतीने शाहचा संशय दुणावला. अखेर त्याची रवानगी काशानजवळच्या फीन बागेत झाली. विषप्रयोगाच्या भीतीने इज्जतुद्दौला त्याचे जेवण आधी स्वतः चाखून पाही आणि शक्यतो त्याला नजरेआड होऊ देत नसे. जानेवारी 1852 मध्ये शाहकडून मानाचा पोशाख येत असल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचवली गेली, म्हणून तो स्नानासाठी हमामखान्यात गेला, असे परंपरेने सांगितले जाते. आला तो मारेकरी. तेथेच त्याच्या हाताच्या शिरा कापण्यात आल्या. दार-उल-फुनूनचे वर्ग सुरू होऊन तेव्हा काही आठवडेच झाले होते.

इज्जतुद्दौलेचे लग्न लवकरच नव्या वजिराच्या मुलाशी लावून देण्यात आले. तिला अमीर कबीरपासून झालेली मुलगी ताजुल्मुलूक पुढे राजघराण्यात दिली गेली आणि तिचा मुलगा मोहम्मद अली शाह गादीवर आला. 1908 मध्ये तेहरानच्या संसदेवर तोफा डागायला लावणारा शाह तो हाच, अमीर कबीरचा सख्खा नातू.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मला येथे दिसते. नासिरुद्दीनने 1896 पर्यंत राज्य केले, तरीही आदराने घेतले जाते ते नाव त्याच्या तीन वर्षांच्या वजिराचे. मोठेपण वजिराचे स्वतःचे होते. पण ते वापरण्याची मुभा मात्र एका माणसाच्या विश्वासावर अवलंबून होती, आणि त्या विश्वासाच्या पाठीशी ना कायदा होता ना सभा. अकराव्या शतकात इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक सुलतानांची जवळजवळ तीस वर्षे वजिरी करणारा इराणी निझाम-उल-मुल्क 1092 मध्ये मारेकऱ्याच्या खंजिराला बळी पडला, तेव्हा त्याचेही सुलतान मलिकशाहशी बिनसलेलेच होते.

दुसरा माणूस आपल्या भूमीशी जोडलेला आहे. कॅस्पियन समुद्राकाठच्या गीलानचा महमूद गावान व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आला आणि बीदरच्या बहमनी दरबारात वजीर झाला. 1469 ते 1472 या काळात त्याने कोकणातील संगमेश्वर, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, आणि गोवा ही ठिकाणे सुलतानासाठी जिंकली, तर बीदरला 1472 मध्ये उभा राहिलेला त्याचा भव्य मदरसा पडझड होऊनही आज पाहता येतो. दरबारात स्थानिक दखनी आणि परदेशातून आलेले आफाकी यांचे हाडवैर होते. इतिहासकार फिरिश्त्याने दिलेल्या हकिकतीनुसार, विरोधकांनी गावानच्या शिक्केवाल्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारे पत्र लिहिले. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, असे गावानने सांगितले. परंतु मद्याच्या अमलाखालील तिसऱ्या मुहम्मदशहाने चौकशी न करता त्याचा शिरच्छेद करवला. ही घटना एप्रिल 1481 मधली. नंतर त्याच्या खजिन्याची झडती घेतली तेव्हा तेथे फारसे काही सापडले नाही, कारण मिळकत तो दानधर्मात खर्च करीत असे. सुलतानही पुढच्याच वर्षी वारला.

गावानविरुद्धच्या कटात मलिक हसन निझाम-उल-मुल्क बहरी हा प्रमुख होता. बहमनी राज्य खिळखिळे झाल्यावर 1490 मध्ये त्याच्याच मुलाने, मलिक अहमदने, स्वतंत्र निझामशाही स्थापन केली आणि अहमदनगर शहर वसवले. पुढे मालोजीराजे आणि शहाजीराजे यांनी चाकरी केली ती याच निझामशाहीची.