बुरशीचा अभ्यास करून मुलीचं पोट भरेल का?

नमस्कार भाऊ,

निफाडहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी बारावीला आहे, नाशिकला नीटचा क्लास लावलाय, आणि ती म्हणते, ‘मला डॉक्टर व्हायचं नाही. एकाच घरात एकालाच बुरशीचा आजार का होतो, ते शोधायचंय.’ २०२१ मध्ये कोरोनानंतर तिच्या आत्याला काळी बुरशी झाली, एक डोळा गेला, तेव्हापासून तिच्या डोक्यात हे आहे. यात पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी आत्यांविषयी. त्यांना शुगर होती, स्टिरॉइड चालू होती. काळ्या बुरशीला तेवढं पुरतं. आपल्या रक्तातच दोष आहे, ही भीती घरात कुणाला असेल तर ती काढून टाका.

मुलीचा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे. हवा तीच, फवारणी तीच, तरी थॉमसन द्राक्षावर भुरी ही बुरशी बसते आणि काही रानटी अमेरिकन वेली तिला दाद देत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगावं! माणसांतही असे फरक असतात. बुरशीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन नावाचा पदार्थ असतो. आपल्या पांढऱ्या पेशींवरचं डेक्टिन-१ नावाचं प्रथिन तो ओळखतं आणि आत कार्ड-९ नावाचं प्रथिन तो निरोप पुढे नेतं. २००९ मध्ये इराणमधल्या एका कुटुंबात हा कार्ड-९चा जनुकच बिघडलेला सापडला. असा बिघाड असलेली माणसं बहुतेक जिवाणू-विषाणूंना पुरून उरतात. हरतात ती बुरशीपुढे. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात डेक्टिन-१चा दोष मिळाला. तिथे आजार पुष्कळ सौम्य होता, नखांचा वगैरे.

आता पोटाचं. वाट लांब आहे: बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, पुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं. नेट ही परीक्षा काढून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पुण्याचं आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र), मुंबईची एनआयआयएच (रक्त व प्रतिकारशक्तीवरची संस्था) ही या कामाची ठिकाणं. पंचविशीत पक्की नोकरी हवी असेल तर ही वाट धरू नका, हे स्पष्ट सांगते.

नीट सोडायला लावू नका. एमबीबीएसनंतर एमडी मायक्रोबायोलॉजी करूनही इकडे येता येतं. सोबत आयसरच्या आयएटी या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म मात्र नक्की भरा.

तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाहिला. कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली पाहून काढलेले भुरीचे बीजाणू, मण्यांच्या माळेसारखे एकावर एक. कुणी न सांगता काढलेत ना? पुढच्या वेळी ती वही घेऊन तिलाच माझ्याकडे पाठवा.