‘युरेका’च्या क्षणाला मराठीत नेमका शब्द कोणता?

अडलेलं एकदम कळतं त्या क्षणासाठी एकच नेमका शब्द हवा असेल तर ‘उमगणं’. पण तुम्ही प्रश्नात तुमच्या लेखासाठी ‘ट्यूब पेटणे’ हा चांगला पर्याय आहे असं लिहिलंय, म्हणून मी हे उत्तर लिहायला बसलो. माझं त्या शब्दाशी जुनं वैर आहे.

आठवीत गणिताच्या सरांनी विचारलं, १ पासूनच्या विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की दरवेळी वर्गसंख्याच का येते? १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, पुढे १६, २५. पहिल्या बाकावरच्या एकाने ताडकन ‘एनचा वर्ग’, म्हणजे जितक्या संख्या तितक्याचा वर्ग, असं सांगून टाकलं. सर खूश. मी म्हटलं, सर, पण का? सर म्हणाले, “याची ट्यूब जरा उशिरा पेटते.” वर्ग हसला आणि दहावी सुटेपर्यंत माझं नाव ट्यूबलाइट.

चौथ्या दिवशी इतिहासाच्या तासाला वहीच्या शेवटच्या पानावर टिंबं काढत बसलो होतो. एक टिंब. त्याच्या उजवीकडे आणि खाली काटकोनात तीन टिंबं टाकली, दोन बाय दोनचा चौकोन झाला. त्याला तशीच पाच टिंबांची किनार, तीन बाय तीन. पुढची किनार सातची. प्रत्येक किनार आधीच्यापेक्षा दोन टिंबांनी मोठी, कारण दोन्ही टोकांना एकेक वाढतं! मी मोठ्यांदा “हात्तिच्या!” म्हणालो आणि वर्गाबाहेर गेलो. स्वतःहून नव्हे. दुसऱ्या दिवशी वही घेऊन गणिताच्या सरांकडे गेलो तर म्हणाले, “तो धडा कधीच झाला.” वहीकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या बाकावरच्याने सूत्र सांगितलं होतं, कारण नव्हे, हे आजही कुणी मान्य करत नाही.

तर ‘हात्तिच्या’ हा माझ्या मते त्या क्षणाचा अस्सल उद्गार. ‘एवढंच होतं होय!’ हा भाव ‘युरेका’त नाही. ‘युरेका’ हे ग्रीक क्रियापद आहे, ‘मी शोधून काढलं’ अशा अर्थाचं, आणि त्यात कर्ता ‘मी’. ग्रीक गणिती आर्किमिडीज न्हाणीघरातून तसाच ‘युरेका’ ओरडत धावला ही गोष्ट रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियसने लिहिली, तीही त्याच्यानंतर सुमारे २०० वर्षांनी. खरीखोटी देव जाणे. मराठीत मात्र मला सुचतं, मला उमगतं, मला आठवतं. सुचणारी गोष्ट कर्ता, आपण नुसते ‘मला’. माझ्या अनुभवाला हे जास्त धरून आहे. ती टिंबं मी शोधली नाहीत, तीच दिसली.

बाकीचे शब्द सरसकट वापरू नका. ‘डोळे उघडले’ म्हणजे आधी फसलो होतो. ‘उलगडा झाला’ला आधी गुंता लागतो. ‘साक्षात्कार’ आता टोमण्यातच उरलाय, “आत्ता साक्षात्कार झाला का?” ‘क्लिक झालं’ चालतं, सगळेच म्हणतात.

आणि ट्यूब. जुनी ट्यूब लागताना बघितली असेल तर आठवा. स्टार्टरमधली धातूची पट्टी तापून वाकते, टेकते, नळीच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात, पट्टी निवून सुटते आणि चोक, म्हणजे ट्यूबच्या जोडीची तारेची गुंडाळी, विजेचा जोराचा झटका देतो. एका झटक्यात नाही लागली तर पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून ती नुसती लुकलुकते, आत काम चालू असतं. सरांना भौतिकशास्त्रही शिकवायला होतं, म्हणून जास्त लागलं.

हो, एक राहिलंच. मराठीत ‘मी ताडलं’, ‘मी हेरलं’ही आहे, त्यामुळे वरचा माझा ‘मला’चा सिद्धांत सगळीकडे लागू नाही. मराठीच्या मास्तरांनी तुटून पडू नये.

तुमच्या लेखात ‘ट्यूब पेटली’ वापरायचंच असेल तर स्वतःबद्दल वापरा, पोराबद्दल नको. तसंही एलईडीच्या नळ्या बटण दाबताच लागतात. परवा भाच्याला ‘ट्यूबलाइट’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. त्याला ते समजायला बराच वेळ लागला.